विद्यार्थ्याला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारावे का?

तेरणाकाठ | बुधवार, रात्री ८:५०

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले, त्यानंतर आमच्याकडेही समिती झाली आणि तिचे काम माझ्याकडे आले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे त्या निर्देशांत आहे. आमचे समुपदेशक लातूरहून एक आड एक गुरुवारी येतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जिन्याजवळ मोठ्या अक्षरांत लावला आहे. कागदोपत्री उणीव राहिलेली नाही.

आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी टी.सी. मागायला आला. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.) दिवाळीनंतर तो प्रात्यक्षिकांना आलेला नाही. त्याने कॅल्क्युलेटर आणि सगळ्या वह्या मित्राला देऊन टाकल्या आणि ‘मला आता लागणार नाहीत’ असे सांगितले, हे मला त्या मित्राकडूनच कळले होते. विचारायचे असे ठरवूनच मी त्याला समोर बसवले. प्रत्यक्षात तोंडातून निघाले ते ‘जर्नल कधी पुरं करणार?’ आणि त्यानंतर ‘काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना तुझ्या?’ तो ‘नाही, मॅडम’ म्हणाला आणि गेला. शनिवारी त्याला पुन्हा बोलावले आहे. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे मी त्याला सरळ विचारावे का? त्याच्या मनात तसे काही नसेल आणि माझ्या विचारण्याने ते आले तर काय, ही भीती मला आत्ताही सोडत नाही.

मनोमन | बुधवार, रात्री ९:२५

विचारावे, आणि त्यासाठी शनिवारपर्यंत थांबू नये. मी पुण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. लोकांत येणे बंद होणे, वस्तू वाटून टाकणे आणि ‘मला आता लागणार नाहीत’ असे बोलणे ही तीन चिन्हे एकत्र दिसतात, तेव्हा दोन दिवस थांबणे मला योग्य वाटत नाही. आज रात्री त्याच्या मित्राला फोन करून त्याच्या खोलीवर मुक्कामाला जायला सांगा आणि उद्या सकाळी तुम्ही स्वतः त्याला भेटा.

विचारल्याने विचार मनात शिरतो, ही भीती माझ्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला वाटते. यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यामुळे धोका वाढतो असे त्यांत दिसलेले नाही. ज्याच्या मनात तो विचार आधीपासून आहे त्याला, कुणीतरी ते शब्द उच्चारले, याने बहुधा थोडे हलकेच वाटते.

आता तुमचे वाक्य पुन्हा वाचा. दोष देण्यासाठी म्हणत नाही, आपण सगळेच असे विचारतो. ‘नाही ना?’ या शब्दांत उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचे आहे, हे मूल ताबडतोब ओळखते आणि आपल्याला दुखवू नये म्हणून तेच उत्तर देते. ‘वेडंवाकडं’ या शब्दाने तर त्याच्या मनात जे चालले आहे त्यावर निकालही देऊन झालेला असतो. ‘जिवाचं बरंवाईट’ हा शब्दप्रयोगही इतका धूसर आहे की त्यामागे दोघांनाही लपता येते. मी प्रशिक्षणात साधारण असे बोलायला सांगते: ‘तू बरेच दिवस आला नाहीस, वह्या देऊन टाकल्यास, त्यामुळे मला तुझी काळजी वाटते. फार असह्य झालं की माणसाच्या मनात जीव द्यावा असे विचार येऊ शकतात. तुझ्या मनात येतात का?’ त्यानंतर आपण गप्प राहायचे. ती शांतता पुष्कळ लांबेल आणि ती मोडण्याचा मोह होईल, तो आवरायचा.

दख्खनी | बुधवार, रात्री ९:४०

मुलगी नागपूरला वसतिगृहात राहते. मी तिला रोज रात्री ‘जेवलीस ना?’ असे विचारतो, आणि दोन वर्षांत तिने एकदाही ‘नाही’ म्हटलेले नाही, हे वरचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले.

वाईकर | बुधवार, रात्री १०:०५

मनोमन यांच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. मी ३१ वर्षे महाविद्यालयात शिकवले. एका वर्गात ऐंशी ते शंभर मुले, त्यावर परीक्षेची कामे, नॅकची कामे, निवडणुकीची कामे. अशा शिक्षकाने हा प्रश्न विचारला आणि मुलाने ‘हो’ म्हटले, तर पुढे त्याने काय करायचे? ते उत्तर पेलण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते. उद्या काही विपरीत घडले, तर सरांना माहीत असूनही त्यांनी काही केले नाही, असे म्हणत पालक पोलीस ठाण्यात जातील. अर्धवट शिकलेल्या हातांनी शस्त्रक्रिया करू नये, तसेच हे आहे. शिक्षकाने प्रेमाने वागावे, सवलत द्यावी आणि बाकीचे तज्ज्ञांवर सोपवावे.

कलम_दवात | बुधवार, रात्री १०:३०

वाईकर सर, कायद्यापुरते उत्तर देतो. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे आणि त्यासाठी चिथावणी किंवा जाणूनबुजून केलेले साहाय्य दाखवावे लागते. काळजीपोटी विचारणे आणि मदतीपर्यंत नेणे यांत त्यातले काहीही बसत नाही. दुसरे, प्रयत्न करणाऱ्यालाच शिक्षा देणारे जुने कलम ३०९ अनेकांच्या डोक्यात अजून पक्के आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ ने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३०९ सारखे सरसकट कलम राहिलेले नाही. लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ या धाकाने कुणी मुलाला दवाखान्यात न्यायला कचरू नये.

पंधरा_नंबरची_खोली | बुधवार, रात्री ११:१०

वाईकर सरांच्या ‘पुढे काय करायचे’ या प्रश्नाला विद्यार्थ्याच्या बाजूने उत्तर देतो.

मी पुण्यात अभियांत्रिकीला होतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, ते सुटले नाहीत आणि माझा वायडी झाला. बाहेरच्यांना वायडी म्हणजे एक वर्ष वाया गेले एवढेच कळते. सोबतची मुले पुढच्या वर्षाच्या इमारतीत जातात, सबमिशनच्या रात्री कुणाच्या खोलीवर बसायचे ते ठिकाण नाहीसे होते, ग्रुपवरचे संदेश आपल्यासाठी नसतात, आणि घरी हे सांगितलेले नसल्यामुळे दर आठवड्याला फोनवर न झालेल्या वर्गांविषयी बोलावे लागते. मला सर्वांत जास्त थकवा त्या खोटे बोलण्याचा आला. वडिलांनी शेतावर कर्ज काढले होते आणि मी त्या पैशांचे रोज गणित करत असे. माझ्या मरणाने घरचे ओझे कमी होईल, असा हिशेब तेव्हा मला अगदी बरोबर वाटत होता. तो किती चुकीचा होता हे आज दिसते, पण त्या काळात माझ्याकडे दुसरा हिशेबच नव्हता.

महाविद्यालयात समुपदेशन कक्ष होता. तो परीक्षा विभागाला लागून होता आणि बाहेर नाव लिहून आत जावे लागे. चार महिन्यांत मी तिथे एकदाही गेलो नाही.

माझ्यात बदल झाला आहे हे पहिल्यांदा मेसच्या काकूंच्या लक्षात आले, कारण महिन्याचे पैसे भरूनही माझा डबा परत जात होता. त्यांनी माझ्या खोलीवरच्या मित्राला गाठून ‘त्याला एकटा ठेवू नकोस’ असे सांगितले. त्या रात्री मित्राने मला विचारले, आणि त्याने तो शब्द तसाच्या तसा उच्चारला. सर, त्यालाही कसले शिक्षण मिळालेले नव्हते. माझे ‘हो’ ऐकून तो रडला. सकाळी तो मला रिक्षाने सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घेऊन गेला, केसपेपर काढला आणि पाच तास बाकावर माझ्या शेजारी बसून राहिला. त्याने केलेले काम एवढेच. औषधे आणि बोलणे मिळून जवळपास वर्ष गेले. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची आहे.

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ७:१५

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, म्हणजे ७.६ टक्के, आणि सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातले होते. या संख्येत शाळकरी मुलेही येतात, त्यामुळे ती फक्त विद्यापीठांची समजू नये. आणखी एक गोष्ट या चर्चेशी थेट संबंधित आहे. त्याच अहवालात सर्व वयोगट मिळून कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजार १८.४ टक्के अशी कारणे दिली आहेत. परीक्षेतील अपयशाचा वाटा त्यांच्या तुलनेत फारच थोडा दिसतो. पोलिसांच्या नोंदीत एका मृत्यूला एकच कारण लिहिले जाते. वर लिहिणाऱ्या मित्राच्या बाबतीत ते कारण कोणते लिहिले गेले असते? वायडी, कर्ज, घरी बोललेले खोटे की उपचार न झालेले नैराश्य? निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रे ‘नापास झाल्याने’ असे छापतात, ते मला याच कारणाने धोक्याचे वाटते. वाचणाऱ्या दुसऱ्या नापास मुलापुढे त्यातून तो एकच रस्ता ठेवला जातो.

रानपाखरू | गुरुवार, सकाळी ८:३०

मी नंदुरबार जिल्ह्यातील आहे, आश्रमशाळेत शिकले आणि आता मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेते. सगळी चर्चा मनावर येऊन थांबते, तेव्हा मला अस्वस्थ वाटते. आमच्या वसतिगृहात शिष्यवृत्तीचा हप्ता सात महिने आला नव्हता. मेसचे पैसे थकलेल्यांची यादी भिंतीवर लावली जात असे, आणि ‘कोट्यातली’ हा शब्द प्रयोगशाळेत मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलला जात असे. त्या काळात मला झोप येत नव्हती. समुपदेशक ताई चांगल्या होत्या, त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवले, आणि यादी भिंतीवर तशीच राहिली.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात २०१६ मध्ये आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१९ मध्ये ज्या दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, त्यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात जातिभेदाविरुद्ध याचिका केली आहे. त्या दोघींचे म्हणणे मन घट्ट करण्याविषयीचे नाही, संस्थेने काय करावे याविषयीचे आहे. निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय कृतिदल नेमले गेले, त्यांच्यापुढेही हा विषय आहे. तेरणाकाठ मॅडम, त्या मुलाला जरूर विचारा. त्यासोबत हेही पाहा की त्याची शिष्यवृत्ती अडकली आहे का, शुल्क थकले आहे का, त्याला कुणी काही बोलले आहे का.

मनोमन | गुरुवार, सकाळी ९:००

रानपाखरू, तुमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. ती यादी भिंतीवरून काढायला लावणे हेही समुपदेशकाचे काम आहे, आणि माझ्या व्यवसायात ते पुरेसे केले जात नाही.

वाईकर सर, ‘हो’ आल्यावर काय करायचे ते लिहिते. तेरणाकाठ यांना आज लागेल. घाबरून उपदेश करू नये. ‘आई-वडिलांचा विचार कर’ हे वाक्य तर मुळीच वापरू नये, कारण तो बहुधा दिवसरात्र त्यांचाच विचार करत असतो. कधी आणि कसे करायचे हे मनात ठरले आहे का, तेही विचारावे. ठरले असेल तर तो त्याच क्षणापासून आणीबाणीचा रुग्ण आहे, त्याला सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. त्याला एकटे सोडू नये आणि इजा करता येईल अशा गोष्टी त्याच्या आसपासून हलवायला मित्रांची मदत घ्यावी. १४४१६ हा क्रमांक हातात देऊन पाठवण्यापेक्षा शेजारी बसून आपल्याच फोनवरून लावावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. आणि ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘तुझा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मी मदत मागेन, आणि कुणाला सांगते आहे ते तुला आधी सांगेन’ एवढेच कबूल करावे.

आई_दोघांची | गुरुवार, सकाळी ९:५०

आई-वडिलांना सगळ्यांत आधी कळवायला नको का? माझ्या मुलाच्या बाबतीत महाविद्यालयाला माहीत आहे आणि मला नाही, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

पंधरा_नंबरची_खोली | गुरुवार, सकाळी १०:२०

ताई, तुमची तळमळ कळते. पण त्या रात्री कुणी माझ्या वडिलांना फोन केला असता, तर मी खोलीतून निघून गेलो असतो. तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या समोर मी स्वतः त्यांना सांगितले. ते दुसऱ्या दिवशी एस.टी.ने आले आणि कर्जाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

धुक्यातली_वाट | गुरुवार, सकाळी ११:०५

मी इंग्लंडमध्ये शिकवतो. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१८ मध्ये यावर एक साधा मार्ग काढला. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला विचारले जाते की तुझ्याबद्दल गंभीर काळजी वाटली तर तू नाव दिलेल्या व्यक्तीला आम्ही कळवावे का. ती व्यक्ती पालकच असायला हवी असे नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी संमती दिली. आपल्याकडे प्रवेश अर्जात ‘पालकाचे नाव’ हा एकच रकाना असतो. त्याखाली ‘अडचणीत तुला कोण जवळ हवे’ असा दुसरा रकाना घालायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

वाईकर | गुरुवार, दुपारी १२:१५

रात्री लिहिलेले मागे घेतो, आणि का ते सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे.

निवृत्तीच्या सहा वर्षे आधी माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी तो माझ्याकडे प्रकल्प बदलून मागायला आला होता. मी प्रेमानेच वागलो, मुदत वाढवून दिली, आणि दारापर्यंत जाताना त्याला म्हणालो, ‘सगळं ठीक आहे ना?’ तो ‘हो सर’ म्हणाला. मनोमन यांनी ‘नाही ना’बद्दल लिहिलेले वाचून रात्री झोप लागली नाही. प्रेम आणि सवलत पुरेशी आहे, यावर मी इतकी वर्षे विश्वास ठेवला, कारण मी तेवढेच दिले होते.

न्यायालयाच्या निर्देशांत शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे असे आहे. माझ्या जुन्या महाविद्यालयात ते होण्यासाठी मी प्राचार्यांना आज पत्र लिहितो आहे. त्यात मेस चालवणाऱ्यांनाही बसवावे, असे सुचवणार आहे.

मनोमन | गुरुवार, दुपारी १२:४०

सर, तुम्ही विचारले असते तर तो वाचला असता, असे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. हे मी समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्या शिक्षकांनाही आधाराची गरज असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. तुम्हाला बोलावेसे वाटले तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

तेरणाकाठ | गुरुवार, रात्री ९:३५

काल रात्री त्याचा मित्र त्याच्याकडे झोपायला गेला. आज सकाळी मी त्याला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बोलावले, कारण माझ्या टेबलापाशी सतत कुणी ना कुणी येत असते. मनोमन यांचे वाक्य मी कागदावर लिहून चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिले होते, तरी विचारताना माझा आवाज कापला. तो बराच वेळ ब्युरेटच्या स्टँडकडे पाहत राहिला. मी घड्याळ पाहिले नाही. मग म्हणाला, ‘येतात. रोज येतात.’ काही ठरवले आहे का, तेही विचारले. ठरवलेले नव्हते.

त्याच्याच शेजारी बसून १४४१६ लावला. पलीकडच्या ताईंशी तो अर्धा तास बोलला आणि मी त्याच्या सांगण्यावरून दाराबाहेर, पण त्याला दिसेन अशी उभी राहिले. जवळ कोण हवे, असे विचारल्यावर त्याने वडिलांचे नाव घेतले नाही. धाराशिवच्या मामाचे घेतले. मामा दुपारच्या गाडीने आले. आम्ही तिघे जिल्हा रुग्णालयात गेलो, डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केले आणि सोमवारी पुन्हा बोलावले आहे. तो आता मामांकडे आहे.

रानपाखरू, तुमच्यामुळे कार्यालयात चौकशी केली. त्याची शिष्यवृत्ती बँक खात्याला आधार जोडलेले नसल्यामुळे परत गेली होती आणि शुल्क भरल्याशिवाय परीक्षा अर्ज स्वीकारणार नाही, असे त्याला खिडकीवर सांगितले गेले होते. टी.सी. मागायला तो त्यामुळेच आला होता. अर्ज आज माझ्या सहीने घेतला आहे. खात्याचे काम उद्या मामा करणार आहेत.

मनोमन | गुरुवार, रात्री ९:५०

सोमवारी तुम्हीही त्याला फोन करा, आणि त्यानंतरही काही आठवडे करत राहा. पहिल्या भेटीनंतर सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते आणि फोन थांबतात, नेमक्या त्याच काळात त्याला ते हवे असतात. फोनवर जर्नलचा विषय तुम्ही काढू नका.

तेरणाकाठ | गुरुवार, रात्री ९:५८

नाही काढणार. गाडीत बसताना त्यानेच विचारले की वह्या परत मागितल्या तर मित्राला राग येईल का. मित्राने त्या दुपारीच माझ्याकडे आणून दिल्या होत्या. त्या माझ्या कपाटात आहेत.